पांढऱ्या ओट्यावरची चपाती

“हात बघू,” मामी म्हणाल्या.

मी दोन्ही हात पुढं केले. मला वाटलं, भविष्य बघतात की काय. त्यांनी तळवे उलटे केले, बोटं एकेक करून पसरली, अंगठ्यावर वाळलेला सरस नखानं खरवडून बघितला आणि बाजारात भेंडी बघून परत टोपलीत टाकावी तसे माझे हात माझ्याच मांडीवर ठेवून दिले.

“दहा हाईत,” त्या म्हणाल्या. “आज तरी.” मग उठून आत गेल्या आणि तव्यावरची चपाती उलटली.

मी त्यांच्या लेकीला मागणी घालायला गेलो होतो आणि हे मला मिळालेलं उत्तर होतं.

मामी म्हणजे हौसाबाई. गडहिंग्लजला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं चपाती-भाकरीचं केंद्र होतं. बाहेरगावची नोकरदार माणसं आणि खोली घेऊन राहणारी कॉलेजची पोरं त्यांच्याकडून डबे नेत. त्यांचे यजमान केरबामामा हे माझ्या वडिलांचे जुने दोस्त. वडील लवकर गेले, त्यामुळं मी सुतारकाम शिकलो ते मामांच्या हाताखाली. त्यांच्या उजव्या हाताला बोटं तीनच. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट रंधा मशीननं नेलं होतं, मी शाळेत असताना.

मामांना त्याचं काही वाटत नसे, निदान ते तसं दाखवत नसत. उलट ती गोष्ट रंगवून सांगायची त्यांना भारी हौस. एकदा सांगताना मशीनचा पट्टा तुटलेला असे, एकदा पायात मांजर आलेलं असे, तर कधी थेट तहसीलदारच दुकानाच्या दारात उभे असत आणि मामा त्यांना नमस्कार करायला वळलेले असत. ऐकणारा हसला की मामा खूश. मामी मात्र ती गोष्ट सुरू झाली की उठून आत जात.

सारिका ही त्यांची एकुलती एक लेक. तिचं आणि माझं ठरलं होतं, म्हणजे आमच्या दोघांत. मामांना ते ठाऊक होतं आणि मनातून पसंतही होतं. चुलत्यांना घेऊन रीतसर येण्याआधी तू एकटाच ये आणि मामीच्या मनाचा अंदाज घे, हा सल्ला त्यांचाच. अंदाज मला चांगलाच आला.

“सुतार नको,” मामी आतून म्हणाल्या. “एक केला, तेवढा बास झाला.”

“अगं, काय वाईट झालं त्यात?” मामा म्हणाले. “आठ बोटांत संसार झाला की आपला. पोरगी वाढवली, घराला माडी चढवली, तुला ओटा करून दिला...”

“ओट्याचं नाव काढू नकासा.”

मामी कणकेचे हात घेऊनच बाहेर आल्या.

“दिगू चांगला हाय, मी कुठं नाही म्हणतो?” आमच्या भागात बायकाही ‘मी म्हणतो, मी जातो’ असंच बोलतात. “पर रोज संध्याकाळी हा घरी येईस्तवर माझ्या पोरीनं दाराकडं डोळं लावून बसायचं, ते मला नको. निपाणीचं एक स्थळ आलंय. तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितो पोरगा. पेनानं कुणाचं बोट तुटल्याचं मी ऐकलं नाही. पुढच्या महिन्यात बघायला येणार हाईत.”

मी चहाचा कप खाली ठेवला आणि निघालो. गल्लीच्या वळणावर सारिकानं मला गाठलं. ती माझ्यावरच चिडली होती.

“आईला सांगायला कशाला गेलास?” ती म्हणाली. “आई कानानं कधी ऐकत नाही. डोळ्यानं बघितलं आणि हातानं चाचपलं, तरच ती मानती. तिला दाखवायला पाहिजे.”

“काय दाखवू?”

“ते मी सांगू? सुतार तू हायस.”

मी तेव्हा देव्हारे करायचो. देव्हाऱ्याचं सगळं सौंदर्य त्याच्या कमानीत आणि कडांच्या गोलाईत असतं, आणि ते काम राउटरचं. आता राउटर म्हटलं की लोकांना इंटरनेटचा डबा आठवतो. आमचा राउटर म्हणजे दोन मुठींत धरायचं मशीन, खाली गरगर फिरणारं पातं, लाकडाच्या कडेनं चालवत नेलं की कड गोल होते, नक्षी उमटते. मोठ्या फळीवर ते गुण्यागोविंदानं चालतं. पण कमानीचा वीतभर तुकडा असला की तो कुठं आवळायचा आणि मशीन कशावर टेकायचं, हा प्रश्न पडतो. मग माणूस एका हातानं तुकडा दाबतो, दुसऱ्या हातानं मशीन चालवतो आणि मामींचं म्हणणं खरं करायच्या तयारीला लागतो.

कोल्हापूरला एका मोठ्या फर्निचरवाल्याकडं मी एकदा हेच मशीन टेबलाखाली उलटं टांगलेलं बघितलं होतं. वर टेबलाला भोक, भोकातून फक्त पातं वर आलेलं. तिथं लाकूडच मशीनपाशी न्यायचं, तेही लाकडी ठोकळ्यानं पुढं सारत. हात पात्यापासून लांब राहतात. असं टेबल केलं आणि मामींसमोर कमान काढून दाखवली, तर? मला एकदम हुरूप आला.

मामांना सांगितलं तर ते माझ्याहून जास्त खुलले. “वरची पाटी कशाची घालणार?” त्यांनी विचारलं.

तोच सवाल होता. पाटी सपाट पाहिजे, लाकूड सरसर सरकावं इतकी गुळगुळीत पाहिजे, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात फुगता कामा नये. नुसत्या प्लायवूडचा भरवसा नव्हता.

“चल,” मामा म्हणाले. मामी त्या दिवशी उत्तूरला माहेरच्या जत्रेला गेल्या होत्या. न्हाणीघराच्या मागं भिंतीला टेकवून काहीतरी गोणपाटाखाली झाकून ठेवलं होतं. मामांनी गोणपाट ओढलं. “हे घे. माझी पाडव्याची ओवाळणी.”

तो ओटा होता. त्या ओट्याची गोष्ट सगळ्या गल्लीला ठाऊक होती. बोटं गेल्यावर मामा मशीन सोडून घरोघरी फिटिंगची कामं करू लागले. एका बंगल्यात त्यांनी स्वयंपाकघराचा पांढराशुभ्र ओटा बसवला. दगड नव्हे, संगमरवर नव्हे, कारखान्यात तयार होणारी, दगडाची भुकटी आणि प्लास्टिक मिसळून केलेली सलग पाटी. कुठं सांधा दिसत नाही, लाकडासारखी कापता येते, घासता येते. मामा त्या पाटीच्या प्रेमातच पडले. तसलीच एक पाटी मिळवून त्यांनी दिवाळीच्या पाडव्याला मामींना ओटा करून दिला. मामींनी ओवाळलं, ओट्यावर हात फिरवला, आणि गल्लीतल्या बायका आठवडाभर तो बघायला येत राहिल्या.

मग ओट्यावर हळद सांडली. लिंबू झालं, सोडा झाला, रांगोळी झाली, डाग हटेना. मामा म्हणाले, सोपं आहे, पॉलिश पेपर मारला की जातं. मारला आणि खरंच गेलं. पण चपाती-भाजीच्या घरात हळद रोज सांडणारच. दर रविवारी मामा पाण्याचा तांब्या आणि पेपर घेऊन ओटा घासायला बसू लागले. शेवटी मामी म्हणाल्या, ओटा हाय का दाढी हाय, दर रविवारी करायला? आणि त्यांनी काळा कडाप्पा बसवून घेतला. पांढरा ओटा न्हाणीमागं गेला.

आम्ही पाटी चादरीत गुंडाळून माझ्या दुकानात आणली. कापताना पांढऱ्या धुळीचे लोट उठले आणि दोघंही पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसू लागलो. भांडी धुण्याच्या सिंकचं भोक होतं तो भाग मामांनी बाजूला काढला आणि उरलेला सलग तुकडा आखला. मशीन टांगायला मधे चौकोन कापायचा होता.

“कोपरं गोल ठेव,” मामा म्हणाले. “ह्या पाटीला काटकोन सोसत नाही, तिथनंच तडकती. जरा तुझ्या मामीसारखीच हाय.”

चौकोनात मी ॲल्युमिनियमचा पत्रा बेतून बसवला, पत्र्याच्या पोटाला मशीन उलटं आवळलं आणि पात्यापुरतं भोक वर ठेवलं. काम नसताना ते भोक झाकायला एक चकतीही केली. खाली बाभळीची चौकट, चारी कडांनी. मधे मशीनला जागा मोकळी हवी म्हणून मधे आधाराला काही घातलं नाही. पॉलिश पेपर मारून पाटी लख्ख केली. एका कोपऱ्यात हळदीच्या डब्याची पिवळी चंद्रकोर राहिली होती, तीही काढणार होतो. मामा म्हणाले, राहू दे. लांब सरळ पट्टी आडवी-उभी लावून बघितली, कुठं केसाएवढी फट नव्हती.

आणि टेबल असं चाललं की काय सांगू. कमानीचा तुकडा ठोकळ्यानं पुढं सारायचा, पलीकडून तो गोल, गुळगुळीत होऊन बाहेर यायचा. मी हसत होतो, मामा हसत होते. “ह्या टेबलावर करंगळी तोडायची म्हटलं तर आधी अर्ज द्यावा लागंल,” मामा म्हणाले आणि त्यांनी स्वतः तीन बोटांनी एक अख्खी कमान काढली. कित्येक वर्षांत त्यांनी मशीनला हात लावला नव्हता.

निपाणीकर रविवारी यायचे होते. मामी गुरुवारी दुकानात आल्या. सारिकानं दोन दिवस कानीकपाळी ओरडून त्यांना तयार केलं होतं. त्या केंद्र बंद ठेवून, इस्त्रीचं लुगडं नेसून आल्या. मी कमानीसाठी शिसवीचा सुरेख तुकडा बाजूला काढून ठेवला होता.

मामी टेबलासमोर उभ्या राहिल्या. मशीनकडं त्यांनी बघितलंच नाही.

“हा माझा ओटा,” त्या म्हणाल्या.

मामा एकदम कोपऱ्यातली एक फळी मन लावून घासायला लागले.

“कुठं गेला म्हणून विचारलं तवा काय म्हणालासा? भंगारवाल्यानं नेला.”

“दिगू तसा भंगारवालाच की,” मामा फळीकडं बघत म्हणाले.

“हा बघ माझ्या हळदीच्या डब्याचा डाग.” मामींनी त्या चंद्रकोरीवर बोट ठेवलं. त्या रागावल्या आहेत की नाहीत ते मला कळेना. मग त्यांनी पाटीवर पालथा तळवा ठेवला आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश फिरवला. मधे आल्यावर हात थांबला. पुन्हा फिरवला, पुन्हा तिथंच थांबला.

“इथं खोल हाय.”

“नाही मामी,” मी म्हणालो. “पट्टी लावून बघितलंय.”

“कवा?”

“बसवलं त्या दिवशी.”

“मी आजचं बोलतो.”

“आत्ता लावून दाखवतो की.” मी पट्टी आणायला वळलो.

“तुझी पट्टी तुझ्याच बाजूनं बोलणार,” मामी म्हणाल्या. “सारिके, घरनं कणीक आण. आणि माझं लाटणं.”

सारिकानं माझ्याकडं बघितलं, मी मामांकडं, मामांनी फळीकडं. पण मामींनी सांगितल्यावर त्या घरात कुणी वाद घालत नसे. सारिका गेली. तोवर मामींनी माझ्याकडून ओलं फडकं मागून घेतलं आणि पाटी अशी पुसली की पुन्हा पॉलिश करायची गरज उरली नाही. मी विजेच्या बोर्डातून मशीनची पिन काढली, पातं खाली घेतलं, भोकावर चकती बसवली. कणकेचा गोळा आला. मामींनी पदर खोचला, पाटीवर पीठ भुरभुरलं आणि बरोबर मधोमध चपाती लाटायला घेतली.

मी त्यांना लाटताना आयुष्यभर बघत आलो होतो. चपाती लाटण्याखाली आपली आपण फिरायची, त्यांना हात लावावा लागत नसे. दुकानात लाकडाच्या भुशाचा वास, आणि मधे ही बाई पांढऱ्या पाटीवर चपाती लाटतेय. मला हसू येत होतं. मामींनी शेवटचा हात फिरवला, चपाती दोन्ही हातांवर अलगद उचलली आणि दारातल्या उजेडाला धरली.

कडेनं सगळीकडून उजेड झिरपत होता. मधे मात्र जाडसर सावली होती, वाटीच्या तोंडाएवढी.

“लाटणं दोन्हीकडनं टेकतंय, मधलं पीठ तसंच ऱ्हातंय,” मामी म्हणाल्या. “खोल हाय म्हणूनच की.”

माझं हसू गेलं. मी पट्टी आणून आडवी ठेवली, खाली वाकून बघितलं. पट्टीखालून पलीकडचा उजेड दिसत होता. बसवलं त्या दिवशी तिथं काही नव्हतं. पण पाटी अर्ध्या इंचाची, मधे आधार नाही, आणि एवढं वजनदार मशीन इतके दिवस तिच्या पोटाला लोंबत होतं. ती मधे बसली होती. मला एकदम आठवलं, गेल्या दोन-तीन दिवसांत कमानीचे तुकडे पात्यापाशी आल्यावर थरथरले होते. मी समजलो होतो की पातं बोथट झालं.

मामींनी चपातीची घडी करून परत गोळा केला. “जरासंच तर हाय,” त्या म्हणाल्या. “नखाएवढं. एवढ्यानं काय अडतंय? चालतंय की. लाव मशीन, मला बघू दे कसं करतोस. त्याच्यासाठी तर केंद्र बंद ठेवून आलो मी.”

शिसवीचा तुकडा समोर होता. सारिका मामींच्या मागं उभी राहून मला डोळ्यांनी खुणावत होती, लाव, लाव. रविवार तोंडावर आला होता. एक कमान काढायला असा किती वेळ लागतो? मी तुकडा उचलला, पाटीवर ठेवला, पिन हातात घेतली. तुकडा बोटानं जरा दाबून बघितला. तो डुलला.

डुलणारं लाकूड पात्याला लागलं की पातं ते धरतं आणि फेकतं. लाकडामागं ठोकळा असतो, ठोकळ्यामागं हात असतो.

“नाही मामी,” मी म्हणालो. “नाही चालत.”

पिन खाली ठेवली, पाना घेतला आणि टेबलाखाली जाऊन मशीन सोडवायला लागलो. मशीन निघालं, चौकटीचे स्क्रू निघाले. मामांनी एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या बाजूनं, आणि आम्ही पाटी उचलून भिंतीला टेकवून ठेवली. मामींना दाखवायला आता नुसती बाभळीची चौकट उरली होती. मामी हे सगळं उभ्या राहून बघत होत्या. पाटी भिंतीला लागली तशी त्यांनी लाटणं काखेत मारलं आणि तडक निघून गेल्या. सारिकानं कपाळावर हात मारला आणि त्यांच्या मागं पळाली.

“गेलं,” मी म्हणालो. मला रडायला यायचंच बाकी होतं.

मामा एका ओंडक्यावर बसले. स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत राहिले.

“दिगू,” ते म्हणाले, “ते मांजर नव्हतं रे.”

“कुठलं मांजर?”

“पायात आलेलं. पट्टा बी तुटला नव्हता. आणि तहसीलदार कशाला येतोय आपल्या दुकानात?”

मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

“तुझी मामी दुपारची भाकरी घेऊन आली होती. दारातच थांबली. म्हणाली, मशीनीचा आवाज बदललाय, आधी बंद करून बघा. एकच फळी राहिली होती. मी म्हणालो, चालतंय की. ती भाकरी ठेवून वळली न वळली, तवर झालं.”

मामांनी मांडीवरचा भुसा झटकला.

“त्यानंतर आजवर तिनं मला ते ऐकवलं नाही. एवढी भांडणं झाली, ओट्यावरनं झाली, कशाकशावरनं झाली, पर ते एकदा बी तोंडातनं काढलं नाही. म्हणून तर मी मांजर आणलं. लोकांनी हसावं, आणि खरं काय ते कुणी विचारू नये.” त्यांनी डाव्या हातानं उजवा हात झाकून घेतला. “आज ती तुला चालतंय की म्हणाली ना, ते तिचं बोलणं नव्हतं. माझं होतं.”

मला मामांबद्दल एवढा उमाळा आला की मी त्यांचा तो हात धरला. आयुष्यात पहिल्यांदाच धरला असेल. थोड्या वेळानं त्यांनीच तो सोडवून घेतला आणि म्हणाले, “चल, ऊठ. प्लायवूड किती हाय बघ.”

पाटीच्या पोटाला आम्ही प्लायवूडचे दोन थर सरसानं चिकटवले. मशीनच्या दोन्ही अंगांना सागाच्या जाड पट्ट्या उभ्या घातल्या, चौकटीपासून चौकटीपर्यंत. वर वजनं ठेवून सगळं वाळू दिलं. पण मला रविवारचीच धास्ती होती. रविवारी दिवसभर मी दुकानातच होतो. गल्लीत कुठली जीप वाजली की माझा हात थांबे. एक जीप आलीही, ती शेजारच्या गिरणीवाल्याकडं गेली. सारिका दिसली नाही, मामाही फिरकले नाहीत, आणि जाऊन विचारायचं धाडस मला होईना.

सोमवारी सकाळी मशीन पुन्हा टांगून झालं. पाटीवर पट्टी लावून मी खाली वाकून बघत होतो, तेवढ्यात दारात सावली पडली. मामी होत्या, कडेवर पोर घ्यावं तशी कणकेची परात घेऊन. मागं सारिका, तिच्या हातात तवा. तिच्या मागं मामा, त्यांच्याकडं तुपाची बरणी आणि साखरेचा डबा. मामींनी पट्टी उचलून बाजूला ठेवली.

मी पिन काढली आणि भोकावर चकती बसवली. मामींनी पाटी पुसली, पीठ भुरभुरलं, लाटलं. लाटण्याचा आवाज तेवढा येत होता. चपाती उचलून त्यांनी उजेडाला धरली. कडेपासून कडेपर्यंत सारखा उजेड. त्यांनी ती डावीकडून बघितली, उजवीकडून बघितली, मग मामांच्या नाकासमोर धरली. मामांनीही वाकून बघितलं आणि मान हलवली.

सारिकानं माझ्या चहाच्या स्टोव्हवर तवा चढवला होता. मी तिच्याजवळ सरकलो.

“निपाणीचे आले होते?” मी हळूच विचारलं.

“आईला विचार,” ती म्हणाली आणि फडक्यानं चपाती दाबू लागली. चपाती टम्म फुगली.

मामींनी ती तव्यावरून काढली, वर तूप सोडलं, साखर पसरली, गुंडाळी केली आणि हात पुढं केला.

“घ्या,” त्या म्हणाल्या.

मी मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. मी चड्डीत होतो तेव्हापासून ही बाई मला दिगू, ये, जा, घे, गीळ असंच म्हणत आली होती.

“मागं काय बघतोस?” मामा म्हणाले. “तुलाच म्हणती ती. निपाणीला गुरुवारीच फोन गेलाय, पोरीचं ठरलं म्हणून.”

सारिका तव्याकडं तोंड करून हसत होती, तिचे खांदे हलत होते. मला इतका आनंद झाला की हात पुढं करायचंच सुचेना. तूप मामींच्या बोटांवरून ओघळून मनगटापर्यंत आलं होतं, तरी त्यांनी हात मागं घेतला नाही.

“घ्या की,” मामी म्हणाल्या. “गार व्हायली.”